पोरीचे लंगोट आणि माझी नणंद

सूनबाई, पोरगी झोपली आहे तोवर जरा अशी माझ्याजवळ बस. तो फोन पालथा ठेव. थोडं रागावणार आहे मी तुला, पण चहा पिता पिता ऐकलंस तरी चालेल. संक्रांत गेली, होळी तोंडावर आली, आणि तू आमच्याकडे उमेळ्याला एकदाही फिरकली नाहीस. विरार ते उमेळे म्हणजे काही परदेश नाही. वर आत्या रुसल्यात असं सगळ्यांना सांगत असतेस. तर ऐक. माझ्या या नणंदेइतकी कापडाची पारख असलेलं माणूस अख्ख्या वसईत झालं नाही, आणि तिच्याइतकं रुसता न येणारं माणूसही झालं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला रुसवायचा प्रयत्न करते आहे. मला नाही जमलं, तुला कुठून जमणार?

कापड ती डोळ्यांनी बघत नाही, गालाने बघते. लग्न असो, बारसं असो, कुणाचा पदर आवडला की सरळ धरायचा आणि गालावरून फिरवायचा. माझ्या बहिणीच्या विहीणबाईंशी तिची ओळख झाली ती अशीच. नमस्कार व्हायच्या आधीच हिने त्यांचा पदर गालाला लावला आणि म्हणाली, "चांगला हाय. अजून चार पावसाळे नेस, मग माझ्यासाठी ठेव." त्या बिचाऱ्या आमच्याकडे यायचं म्हटलं की अजून सुती नेसत नाहीत. शेजारचे आजोबा गेले तेव्हा सगळ्या बायका त्यांच्या सुनेला धीर देत होत्या, आणि ही कोपऱ्यातून हळूच म्हणाली, "त्यांची धोतरं कोनाला देऊ नका, आमच्या घरी बाळ येनार हाय." ते बाळ म्हणजे तुझी लेक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या सुनेने डोळे पुसले, आत गेली आणि धुतलेली दोन धोतरं आणून हिच्या मांडीवर ठेवली. भरपूर जगलेल्या माणसाचं जुनेर म्हणजे पोराला आशीर्वाद, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कोऱ्या कापडावर मात्र हिचा विश्वास नाही. "नव्या कापडाला अजून मानूस लागलेलं नसतं," म्हणते.

म्हणून तू ते बटणांचे कापडी डायपर मागवलेस तेव्हा मी घाबरले होते. फुलाफुलांचे, आत पॅड सरकवायचे. आठवतंय ना, तिने एक उलटा केला, सुलटा केला, मांडीवर पसरून त्यावर पेलाभर पाणी ओतलं आणि खालून हात लावून बघत बसली. "एवढी बटनं तर आमच्या ह्यांच्या कोटालासुद्धा नव्हती," इतकंच बोलली. तू हसलीस, मी हसले, ती हसली नाही. ती विचार करत होती. संध्याकाळी निकाल लागला. बाहेर जाताना हे, घरात धोतराचे लंगोट, आणि दोघांनाही तुमच्या बिल्डिंगचं बोअरचं पाणी लावायचं नाही. त्या खाऱ्या पाण्याने कापड वाळलं की पापडासारखं कडक होतं, हे तिने पोरीच्या लाल मांड्या बघून ओळखलं होतं. मग तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. बसने यायचं, मळके लंगोट बोचक्यात बांधून उमेळ्याला न्यायचे, आमच्या विहिरीच्या गोड्या पाण्यात धुवायचे, उन्हात वाळवून परत आणायचे. कंडक्टरने एकदा विचारलं, "मावशी, बोचक्यात काय आहे? वास येतोय." ही म्हणाली, "भाच्याच्या लेकीचं हाय, येनारच." तेव्हापासून तिच्या शेजारी कोणी बसायचं नाही, आणि तिला ते मानाचं वाटायचं.

आता ती रुसली असं तुला वाटलं त्या दिवसाचं सांगते. आमच्या अंगणाला लागून इमारत उठते आहे, दिवसभर सिमेंटची धूळ. म्हणून तिने लंगोट वाळवायची दोरी मागे वाडीत नेली आणि केळींच्या मधे बांधली. त्याच सकाळी गड्याने तिथला घड उतरवला होता. केळीचा चीक पाण्यासारखा असतो बाळा, ठिबकतो तेव्हा दिसतही नाही. वाळला की तपकिरी होतो, आणि मग कापड फाटेल पण डाग जाणार नाही. म्हणून तर वाडीत आम्ही ठेवणीतलं कधी नेसत नाही. तू घाटावरची, केळं बघितलंस ते बाजारात. ती लंगोट घेऊन इथे आली, तू घडी उलगडलीस, ते ठिपके बघितलेस आणि म्हणालीस, "आत्या, हे धुवायचे राहिले का?" वावगं काही विचारलं नाहीस. कुठल्याही आईने हेच विचारलं असतं. ती म्हणाली, "राहिले असतील," आणि लंगोट परत पिशवीत भरून निघून गेली. तुला वाटलं, राग आला.

राग नाही गं. तिला ते ठिपके दिसलेच नव्हते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. कोणाला सांगितलं नाही तिने. सुईत दोरा ओवायला मला हाका मारायला लागली तेव्हा मी ओळखलं. तू म्हणालीस म्हणजे घाण असणारच, असं तिने धरलं. घरी येऊन मला म्हणाली, "वहिनी, मला आता घान दिसत नाय. लहान पोराला हात लावायच्या लायकीची मी राहिली नाय." मी एकेक लंगोट उन्हात धरून दाखवला, हा चीक आहे म्हणून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू मला बरं वाटावं म्हनून बोलतेस."

तेव्हापासून ती विहिरीवर जात नाही. दुपारभर ओटीवर बसते, हात मांडीत ठेवून. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही, माहेरी परतली ती आमचीच पोरं वाढवत राहिली. तुझ्या नवऱ्याचा पहिला लंगोट तिनेच बांधला, मला तेव्हा बांधताही येत नव्हता. डोळे दाखवायला चल म्हटलं तर म्हणते, "आता बघायचंय काय?"

तू पाकिटातले डायपर आणतेस त्यावर माझा राग नाही. तुला नोकरी आहे, तुझे हाल मला दिसतात. पण ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. समजूत घालू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. तिला लगेच कळेल आणि ती आणखी गप्प होईल. नुसती पोरगी तिच्या मांडीवर दे आणि इथल्या बोअरच्या पाण्याला शिव्या घाल, ते तुला छान जमतं. या रविवारी ये. त्याआधी जमलं तर त्याआधी ये. आणि इथे उरलेत ते लंगोट पोरीला बांध, येताना तसेच घेऊन ये, धुऊन आणू नकोस.