टोक आत वळवलेली पिन

माझे साडू एकतीस वर्षं ट्रेलरच्या चाकांचं काम करत होते. दोघी बहिणींतली थोरली त्यांच्या घरात, धाकटी माझ्या. आणि दिवसाचे दहा तास आम्ही दोघं एकाच मालकाच्या आवारात. मी ट्रॅक्टरनं विटांचा ट्रेलर ओढायचो, ते त्याची चाकं सांभाळायचे.

माणूस तिरसट. चाकाच्या मधला हब उघडला की शेजारी उभं राहून केलेली बडबड त्यांना खपायची नाही. जुनी बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायची, एकेक रोलर उजेडात फिरवून बघायचा, निळसर डाग दिसला की 'ही भाजलीय' म्हणून फेकून द्यायची. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन नवी बेअरिंग त्यावर दाबत राहायचे, ग्रीस पलीकडून बाहेर येईपर्यंत.

"साडूभाऊ, कणीक मळताय का?" मी विचारायचो.

"उतारावर चाक तुझ्यापुढे पळायला लागलं ना, की मग हस."

शेवटी नट आवळून जरासा सैल करायचे आणि तो फिरू नये म्हणून त्यातून पिन घालायचे. पिनेचा एक पाय नटाला चिकटवायचा, दुसरा वर दुमडायचा आणि त्याचं टोक पक्कडीनं आत वळवायचं. पुढे कधी कोणी ती उघडली तर त्याचं बोट कापू नये, म्हणून. असली उठाठेव दुसरा कोणी करायचा नाही. त्यामुळे पिन बघितली की काम कोणाचं हे सांगावं लागत नसे. त्यांचं नावच पडलं होतं, पिनवाले.

एका शनिवारी मी पाणी प्यायला त्यांच्याकडे थांबलो होतो. दुसऱ्या एका ट्रेलरचं चाक उघडं होतं. साडूंनी ग्रीस सील मालकांसमोर धरलं. हब आणि आसाच्या मधली ही रबरी कडी. ग्रीस आत ठेवते, धूळ बाहेर.

"कड फाटलीय. नवीन आणा."

"आज दुकान बंद. पुसून हेच बसवा. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"ग्रीस टिकणार नाही आत."

"मी सांगतोय ना? बसवा."

त्यांनी बसवलं. चुकलं ते इथेच. पक्कड खाली टाकून घरी जायला हवं होतं. पण एकतीस वर्षं 'हो मालक' म्हणालेल्या जिभेला नाही म्हणणं एकदम कुठून सुचणार? सवयीनं पिनेचं टोकही आत वळवलं. नंतर दोनदा त्यांनी नवीन सील मागितलं. मालकांचे दोन दिवस काही संपेनात.

दोन महिन्यांनी त्या ट्रेलरचा हब कोरडा पडला, बेअरिंग भाजून तिचा चुरा झाला आणि चाक निखळून उतारावरून सुटलं. खाली सायकलवरून एक शिक्षिका शाळेत निघाली होती. तिचा पाय गुडघ्याखाली तीन ठिकाणी मोडला.

विमा कंपनीचा माणूस आला. आसाच्या टोकावर नट आणि पिन जशीच्या तशी राहिली होती. ती काढून मालकांनी टेबलावर ठेवली. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे.

"ही कोणाच्या हातची?" मालकांनी विचारलं.

"माझ्या," साडू म्हणाले. "सील जुनं होतं. मालकांनीच बसवायला सांगितलं. हा होता तिथे."

बोट माझ्याकडे.

त्या महिन्यात नवीन ट्रेलर येणार होता आणि तो मला द्यायचं मालकांनी कबूल केलं होतं. मी खाली बघितलं. म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

विमावाल्यानं वहीत लिहिलं: मिस्त्रीचा हलगर्जीपणा. त्याच दिवशी त्यांना काढलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आम्ही नंतर आपसांत म्हणालो, मीसुद्धा. म्हणायला काय जातं! नवीन ट्रेलर मला मिळाला. त्यांना मात्र कोणी कामावर घेईना. पाय मोडलेल्या बाईची गोष्ट त्यांच्याआधी दारात पोचायची. आता घरात बसून असतात. नवा मिस्त्री पिना कशाही दुमडतो. शहाणा आहे.

गेल्या रविवारी थोरलीला कपाट पोचवायला बायकोनं मला ट्रेलर घेऊन त्यांच्या गल्लीत पाठवलं. वर्षभरात मी पहिल्यांदाच गेलो होतो. साडू बाहेर आले. माझ्याकडे बघितलं नाही, थेट चाकाकडे गेले. हाताची मागची बाजू हबला लावली, हब तापलाय का बघायला. मग वाकून चाकाच्या आतल्या बाजूला बघितलं. तिथे ग्रीसचा काळा ओघळ होता.

"सील गळतंय."

"परवाच तर काम झालंय."

"जुनंच बसवलंय. कोणी सांगितलं?"

"मालकांनी. म्हणाले, पुसून हेच बसवा, दोन दिवसांचा तर..."

साडूंनी हात पायजम्याला पुसला.

"बघ," ते म्हणाले, "शब्दन्‌शब्द आठवतो तुला."

आणि आत गेले. दार लावून घेतलं.

कपाट मी एकट्यानं उतरवून ओट्यावर ठेवलं. लाज वाटली, खूप वाटली. सोमवारी त्याच चाकांवर विटा भरून निघालो. मालक फाटकातच उभे होते. सीलचं नाव न घेता मी ट्रेलर रस्त्यावर घेतला.