फिजिक्स परत देताना

निकाल लागला तेव्हा आम्ही सगळे शेतात होतो. अण्णानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत उभं राहून मोबाईलवर माझा नंबर टाकला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा माझ्याकडं न बघता आईला म्हणाला, "फिजिक्स गेलं हिचं."

आमचं गाव निपाणीजवळ, कर्नाटकात. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले, मग पी.यू.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम सगळं इंग्रजीत. डॉक्टर व्हायचंय असं मी शाळेपासून सगळ्या भावकीत सांगत आले होते, त्यामुळं नापास झाल्याचंही सगळ्या भावकीला कळलं. बायॉलॉजी चांगलं होतं, केमिस्ट्री कशीबशी निघाली होती. फिजिक्सची लगेच फेरपरीक्षा होती, तिलाही बसले. तीतही गेलं. त्या वर्षीचे नीटचे मार्क कुणाला सांगण्यासारखे नव्हतेच.

मी अभ्यास करत नव्हते असं नाही. सगळी सूत्रं, सगळ्या सिद्धता तोंडपाठ होत्या. पण पेपरात एक पायरी आठवली नाही की तिच्या पुढचं सगळंच जायचं. कान तापायचे, हाताला घाम सुटायचा आणि मी रिकाम्या पानाकडं बघत बसायचे. दोन्ही वेळेला हेच झालं. घरी मात्र "पेपर अवघड होता" एवढंच सांगितलं, कारण नेमकं काय होतं हे मला तरी कुठं कळत होतं?

आता नुसतं पास होऊन भागणार नव्हतं. मेडिकलला तिन्ही विषयांचे मिळून जेवढे टक्के लागतात, ते भरायला फिजिक्समध्ये भरपूर मार्क हवे होते, कारण केमिस्ट्रीनं काही हातभार लावला नव्हता. अण्णानं धावपळ करून मला कोल्हापूरच्या एका क्लासमध्ये घातलं. परत बसणाऱ्या मुलांची वेगळी बॅच होती. मोठा हॉल, माईकवर शिकवणारे सर. मी भराभर उतरवून घ्यायचे. परतीच्या बसमध्ये कागलच्या अलीकडंच डबा उघडायचे, कारण आम्ही जैन, दिवस मावळला की आमच्यात जेवत नाहीत आणि कांदा-बटाटा तर कधीच खात नाहीत. जेवताना दिवसभराचं काही आठवतंय का बघायचे. आठवायचं, पण कळलेलं नसायचं.

पावसाळा सरता सरता सीमेवर काहीतरी वाद पेटला आणि कोल्हापूरच्या बस बंद झाल्या. असं आमच्याकडं अधूनमधून होतं. "तोवर घरात बसून काय करणार?" म्हणून आप्पा, म्हणजे माझे वडील, मला मोटारसायकलवरून संकेश्वरला घेऊन गेले. तिथं फिजिक्सच्या एक निवृत्त मॅडम राहतात, असं त्यांना बाजारात कुणीतरी सांगितलं होतं.

मॅडम कानडी. मराठी बोलायच्या, पण कानडीच्या चालीवर. सोप्यात फळा टांगलेला होता. त्यांनी मला एक सिद्धता लिहायला सांगितली. मी खडू न उचलता शेवटपर्यंत लिहून काढली. मनात म्हटलं, बघा आता. त्यांनी डस्टर घेतला, मधल्या दोन ओळी पुसल्या, वरचं एक चिन्ह बदललं आणि म्हणाल्या, "मुंदे?"

मुंदे म्हणजे पुढं. पुढं काय, ते मला सांगता येईना.

"वायर असं वाकवलं तर काय होईल, सांग की."

मी पुसलेल्या ओळीच परत म्हणायला लागले.

"ह्यात तुझं काही नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "सगळं पुस्तकाचं आहे." आणि आतून नववीचं विज्ञानाचं पुस्तक आणून माझ्यापुढं ठेवलं.

परतीच्या वाटेवर मी आप्पांच्या पाठीमागं रडत होते. त्यांनी आरशात बघितलं असणार. निपाणीत शिरताना गाडी हळू केली. मग विचारलं, "उद्या जायाचं का न्हाई?"

"जायाचं," मी म्हटलं.

आठवड्याभरात बस सुरू झाल्या आणि घरात भांडण लागलं. मी कोल्हापूरला जाणार नाही म्हणाले. अण्णा ताटावरून उठला.

"नववीचं पुस्तक वाचून डॉक्टर होणार हाईस? तिथं रोज टेस्ट घेत्यात. हितं त्या म्हाताऱ्या बाईला नीट म्हंजे काय ते तरी ठावं हाय का?"

"तिथं मला काय बी कळत न्हाय, अण्णा. सगळं लिवलंय, पण कळलं काईच न्हाय."

"मग आधी का बोलली न्हाईस?"

आप्पा हात धुऊन आले. "तिला जिथं कळतंय तिथं जाऊ दे," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पण ह्या वर्साला काय तरी लागलं पायजे बघ. परत थांबायचं न्हाय. मिळंल त्या कॉलेजात नाव घालायचं."

अण्णानं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. समोर आला तरी आईला म्हणायचा, "तिला सांग."

मॅडमकडं काम फार सावकाश चालायचं. एकेक धड्याला दोन दोन आठवडे. आधी मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत लिहायचं, मग त्या कुठंतरी मधेच पुसणार आणि "मुंदे?" म्हणणार. उत्तर चुकलं तर चालायचं, गप्प बसलेलं चालायचं नाही. नीटसाठी बाकीचे दोन विषय मी घरी एकटीच करत होते. दिवाळीला कोल्हापूरच्या बॅचमधली एक मुलगी भेटली. तिथला सगळा भाग संपून उजळणी सुरू झाली होती. माझा निम्माही झाला नव्हता. त्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "पोर्शन पुरा होईल ना?"

"नाही होणार बहुतेक," त्या म्हणाल्या. "होईल तेवढं तुझं होईल."

मला धीर हवा होता आणि त्यांनी हे सांगितलं. घरी जाताना वाटत होतं, अण्णाचंच खरं असलं तर?

बोर्डाची फिजिक्सची परीक्षा निपाणीतच होती. पहिली पानं बरी गेली. मोठ्या प्रश्नाला हात घातला आणि तिसऱ्या पायरीला सगळं थांबलं. तेच तापलेले कान, तोच घाम. सुपरवायझर बाई बाकांमधून फिरत होत्या आणि त्यांच्या चपलांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मी पेन खाली ठेवलं. मग बाजूला आकृती परत काढली. बल कुठल्या बाजूला, करंट कुठल्या बाजूला, हे मनात मराठीत बोलत गेले. पुस्तकातली पायरी काही आठवली नाही, पण दुसऱ्याच वाटेनं उत्तर आलं. या सगळ्यात वेळ गेला आणि शेवटचं एक गणित तसंच राहिलं.

बाहेर आप्पा उभे होते.

"कसा गेला?"

"एक ऱ्हायलं. बाकी मी लिवलंय."

नीटला बेळगावला जायचं होतं. आप्पांना ताप होता, म्हणून अण्णा आला. बसमध्ये तो पुढच्या सीटवर बसला. सेंटरच्या गेटवर मात्र सगळे दागिने काढायला लावत होते; माझी नाकातली चमकी निघेना आणि रांग पुढं सरकायला लागली, तेव्हा त्यानंच घाईघाईनं ती फिरवून काढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखलं व्हय?" त्यानं विचारलं. कित्येक महिन्यांनंतरचा हा पहिला शब्द.

फिजिक्सला मार्क चांगले पडले आणि लागत होते ते टक्के भरले. नीटचे मार्क मात्र अधांतरी होते. पहिल्या फेरीत काही लागलं नाही, दुसऱ्या फेरीतही नाही. आप्पांनी सांगितल्याप्रमाणं बेळगावला नर्सिंगला नाव घातलं. शेजारच्या बायका "झालं का गं काय?" म्हणून विचारायच्या आणि आई त्यांना चहा देऊन विषय बदलायची. अण्णा दिवसातून कितीदा तरी मोबाईल बघायचा, पण कुणासमोर नाही.

शेवटच्या फेरीत सीट लागली. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सरकारी मेडिकल कॉलेजात. मी संकेश्वरला सांगायला गेले तेव्हा मॅडमपुढं दुसरी एक मुलगी फळ्याजवळ उभी होती. मॅडमनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, मला खुर्चीत बसवलं आणि त्या मुलीचं संपेपर्यंत थांबायला लावलं.

हॉस्टेलवर सोडायला अण्णा आला. ट्रंक खोलीत ठेवली आणि मला तिथंच थांबवून तो मेसच्या स्वयंपाकघरात गेला. कानडीत काहीतरी बोलणं चाललं होतं. परत आला तो कपाळाला आठ्या घालून.

"सगळ्यात बटाटा घालत्यात. आईला सांगू नको."

"न्हाय सांगत."

"ऱ्हाशील न्हवं?"

"ऱ्हाईन."

त्यानं मान हलवली आणि बसस्टँडचा रस्ता कुठला, ते वॉचमनला विचारायला गेला.