भोंग्याची वेळ : वाई ते कुपवाड आणि परत

वाईच्या स्टँडवर कुणी निरोप द्यायला येणार असेल, तर त्या भरवशावर गाडी धरू नका. मी धरली.

मनीषा म्हणाली होती, "साडेसहाला येते, मामाचा डबा देते, लगेच जाते. आण्णा घाटावरून यायच्या आत मला घरात दिसायला हवं." मी साडेसहाच्या ठोक्याला फलाटावर हजर. माझं घड्याळ आदल्या दिवशीच रेडिओच्या बातम्यांवर लावलेलं, त्यामुळे चूक माझी असणं शक्य नव्हतं. साताऱ्याची गाडी लागली, भरली, सुटली. मनीषाचा पत्ता नाही. कँटीनवाला हात हलवून बोलावत होता, पण मला चहा नको होता. पाचवडपर्यंत माझं ठरूनही गेलं की तिच्या वडिलांनी, आण्णांनी, आणलेलं सांगलीचं स्थळ तिला पसंत पडलंय.

आता जाणं रद्द करण्यासारखं नव्हतं. कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडल्यापासून मी साताऱ्याला एका साहेबांकडे काम करतो. कारखान्यात यंत्रं कधी चालू, कधी बंद हे ठरवणारी जी पेटी असते, कंट्रोलर, त्या आम्ही बसवतो आणि दुरुस्त करतो. कुपवाडच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं : दोन्ही कंट्रोलरांना ऑफिसातल्या संगणकावरून आपोआप वेळ मिळेल अशी सोय करून द्या. आणि त्याच कारखान्यात मनीषाचा मामा, तानाजीमामा, मिक्सरवर ऑपरेटर. पट्टा अडकून मोठी मोटर जळाली होती आणि ठपका मामावर आला होता. मॅनेजर शनिवारी त्याला काढणार होता. मनीषाच्या घरात माझ्या बाजूनं बोलणारा हा एकच माणूस. त्याची नोकरी गेली की त्याच्या शब्दाला किंमत राहणार नाही, हे तिनंच मला सांगितलं होतं. मग डबा द्यायला का आली नाही?

साताऱ्याला साहेबांकडून जड संगणक आणि केबलींची पिशवी घेतली. सांगलीची गाडी थेट मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर कराडला बदला. डाव्या हाताची खिडकी घ्या, दुपारचं ऊन लागत नाही. पेठ नाक्यावर गाडी थांबते, वडा गरम असतो, चटणी कालची असावी असा मला संशय आहे. कंडक्टर संगणकाच्या खोक्याचं तिकीट मागत होता. मी म्हटलं, हा काय माणूस आहे का?

"माणूस नसंल, पर जागा माणसाची खातोय," तो म्हणाला.

शेवटी अर्धं तिकीट काढलं. इस्लामपूरपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. त्यालाही फरक पडला नसावा.

सांगलीत स्टँडजवळ लॉज स्वस्त आहेत, पण कडी आतून लागते का ते बघून पैसे द्या. संध्याकाळी भडंग घेऊन कृष्णेवर गेलो. वाईला घाटाच्या पायऱ्यांशी लागून जाणारी तीच नदी इथं फुगून, संथ होऊन येते. वाईत रोज हिच्या काठी मनीषा भेटते. इथं काठावर सगळी जोडपी होती. भडंग संपवलं आणि परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं कुपवाड. रस्ताभर मोटारसायकलींवरून कामगारांची रांग, प्रत्येकाच्या हँडलला डबा. ते डबे बघून डोकं आणखी फिरलं.

कारखान्याचे दोन भाग. पुढं धान्य दळतात, मग पट्ट्यावरून ते मिक्सरला जातं. दळपाला आणि पट्ट्याला मिळून एक कंट्रोलर, मिक्सरला दुसरा, दोघांच्या नोंदी एकाच पडद्यावर येतात. सुपरवायझर पाटणकर यांनी मला पडद्यापुढं बसवलं. "हे बघा. तानाजीनं मिक्सर बंद केला इथं. पट्टा अडकल्याची घंटा वाजली ती नंतर, नऊ मिनिटांनी. याचा अर्थ काय? आधी ह्यानं बंद केला, मग माल तुंबला, मग मोटर गेली."

मामा दारात उभा होता. लष्करातून आलेला, ताठ. "सायेब, घंटा ऐकली, तवाच बटन दाबलं. लय येळा सांगून झालं."

"पडदा खोटं सांगतो का?"

"ते मला काय म्हाईत. माझं कान खोटं सांगत न्हाईत."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला मामाचाच संशय आला. एवढा शांत माणूस बघितला की मला संशय येतो. मग दोन्ही पेट्यांची घड्याळं माझ्या घड्याळाशी लावून बघितली. मिक्सरचं बरोबर होतं. दळपाचं दहा मिनिटं पुढं. आता ती नऊ मिनिटं कुठून आली ते कळलं! माझं रक्त तापलं. साहेबांनी बजावलं होतं, गिऱ्हाईकाशी भांडायचं नाही. मी उठलो आणि सगळ्यांसमोर पाटणकरांना म्हणालो, "घड्याळ तुम्ही फिरवलंत. माणूस काढायचा होता म्हणून."

पाटणकर रागावले नाहीत, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं.

"मीच लावलं की," ते म्हणाले. "दळपाचं मागं पडतं, म्हणून दर सोमवारी लावतो. भोंग्यावर."

"आणि भोंगा कशावर?"

"टाइम ऑफिसच्या घड्याळावर."

"आणि ते?"

"ते दहा मिनिटं पुढं असतंय," मामाच म्हणाला. "थोरल्या मालकांपासनं. मान्सं येळेवर यावीत म्हून. आख्ख्या कुपवाडला ठावं हाय."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलं? भोंग्याची येळ ती भोंग्याची. त्यात सांगायचं काय?"

एवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. माझ्या घड्याळात अजून वेळ होता, पण सगळे डबे घेऊन निघालेसुद्धा. पाटणकरही. जाताना मामा म्हणाला, "चला पाव्हणं, भाकरी खावा. रिकाम्या पोटी भांडान रंगत न्हाई." पाव्हणं! म्हणजे मी येणार हे मनीषानं ह्याला कळवलंय. की आण्णांनी?

जेवणानंतर मी मॅनेजरना बोलावून घेतलं आणि सोपी गोष्ट केली. पाटणकरांना पट्ट्याच्या स्विचपाशी उभं केलं, मामाला मिक्सरच्या बटणापाशी. मी हात खाली केला, दोघांनी एकदम दाबलं. पडद्यावर पट्ट्याची घंटा मामाच्या बटणानंतर दहा मिनिटांनी वाजल्याची नोंद आली, आणि ती वेळ तर अजून यायची होती.

मॅनेजरनी पडद्यावरच्या नोंदीवर बोट ठेवलं. "म्हणजे त्या दिवशी आधी घंटा झाली. एका मिनिटानं तानाजीनं बंद केलं."

"मिनिटभर गेलं चालत यायला," मामा म्हणाला. "गुडघा दुखतोय माझा."

मॅनेजरनी पाटणकरांकडं बघितलं. पाटणकर मान खाली घालून म्हणाले, "माझ्या हे ध्यानातच आलं नाही." मी अजूनही त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवलेला नाही, पण खोटं बोलणारा माणूस एवढा लाल होत नाही.

रात्री मामा मला कुंडलला घरी घेऊन गेला. तासगावकडून गेलात तर द्राक्षांच्या बागा लागतात. मोटारसायकलवर मागं बसायचं असेल तर कानाला रुमाल बांधा. मामीनं पिठलं केलं होतं. मामा दोनदा उठून कोंबड्यांचं खुराडं लागलंय का ते बघून आला.

तिसऱ्या दिवशी खरं काम. ऑफिसातला संगणक मुख्य धरायचा, त्याची वेळ रेडिओवर लावायची, आणि दोन्ही कंट्रोलरांनी केबलीवरून त्याला दर तासाला वेळ विचारायची. दोघांना संगणकाचा पत्ता दिला. मिक्सरनं मुकाट ऐकलं. दळपाचा कंट्रोलर अडून बसला. फरक फार मोठा असला तर तो मुख्य घड्याळावरच विश्वास ठेवत नाही, तसंच बनवलेलं असतं. त्याचा स्वभाव मला लगेच समजला. पहिल्यांदा हातानं जवळ आणावं लागतं, मग तो स्वतःहून विचारायला लागतो. आणि घड्याळ मागं घ्यायचं तर कारखाना बंद ठेवून, कारण तीच दहा मिनिटं पुन्हा येतात आणि नोंदींचा गोंधळ होतो. जेवणाच्या सुट्टीत ते उरकलं.

मी मॅनेजरना म्हटलं, आता भोंगापण बरोबर करून टाका. ते दचकले. "भोंग्याला हात लावू नका. उद्या निम्मे लोक उशिरा येतील." मग मामाकडं वळून म्हणाले, "तानाजी, शनिवारी माझ्याकडं यायची गरज नाही. सोमवारी कामावर ये."

"येतो की. भोंग्याला," मामा म्हणाला. निघताना त्यानं माझा हात दाबला, तो चांगला दुखला.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. वाईला उतरलो तर कँटीनवाल्यानं गाठलंच. "ओ दादा! तुमचा डबा न्या की. वास मारतोय. ती पोरगी ठेवून गेली, तुमी यायच्या आधी. मी हाका मारत हुतो, तुमी बघाय तयार न्हाई."

दशम्यांना बुरशी आली होती. शेंगदाण्याची चटणी मात्र छान होती. ती घेऊन घाटावर गेलो.

मनीषा पायरीवर बसली होती, तोंड फिरवून. "साडेसहा म्हणाले होते, साडेसहाला आले. कितीतरी वेळ थांबले. तू कुठं होतास?"

"मी बरोबर साडेसहाला होतो!"

"आमच्या साडेसहाला?"

"म्हणजे?"

"आमचं घड्याळ पुढं असतं अवि, आण्णांनी ठेवलंय. सगळं घर त्याच्यावर उठतं, जेवतं, झोपतं. मी दुसऱ्या कुठल्या वेळेला निघू?"

रेडिओचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मग मामाचा तो चेहरा आठवला, कुनी इचारलं म्हणणारा. मी तीन दिवसांत मनीषाला सांगलीला पाठवून तिचं लग्नही लावून मोकळा झालो होतो. आणि विचारलं काहीच नव्हतं.

"मामाचं काय झालं?" तिनं विचारलं.

"सोमवारी कामावर."

तिनं डोळे पुसले, मग डबा उघडून बुरशी बघितली आणि नाक दाबून हसली.

"किती पुढं आहे तुमचं घड्याळ?" मी म्हटलं.

"का? आण्णांशी भांडणार?"

मी मनगटावरच्या घड्याळाची चावी बाहेर ओढली. "नाही. सांग."

तिनं सांगितलं. मी काटा तिथं नेऊन ठेवला. आता रेडिओच्या बातम्या लागतात तेव्हा माझं घड्याळ चुकीचं असतं. साताऱ्याची गाडी मला मनातल्या मनात वजाबाकी करून पकडावी लागते.