रझियाचा बंद माईक

खरं सांगा, ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणाचा कॅमेराही बंद आणि तोंडही बंद दिसलं, की तुमच्या मनात पहिला शब्द कोणता येतो? कामचुकार, हाच ना?

बिबवेवाडीच्या सरोजिनीताईंच्या मनात तोच आला. सातवीत शाळा सुटलेली बाई. पण नळाच्या पाण्यापासून रेशनपर्यंत इतके मोर्चे काढले की कायदा तोंडपाठ झाला. त्यांना दारात बघून साहेबलोक खुर्ची सावरून बसत. म्हणूनच एका कॉलेजने चार विद्यार्थ्यांचा प्रकल्प त्यांच्या हाती दिला: पेठांमधली बायकांची स्वच्छतागृहं. भेटी संध्याकाळी, ऑनलाइन. शेवटच्या सादरीकरणात प्रत्येकाने बोलायचं. जो बोलणार नाही तो नापास.

रणजित, तनुजा आणि विश्वजीत भांडून भांडून बोलत. कसबा पेठेतली रझिया मात्र महिनाभर गप्प. ताईंनी गोडीत सांगून पाहिलं, दरडावून पाहिलं. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अस्सल पुणेरी पाटी लावली: ‘येथे झोपण्याची सोय नाही. ज्यांना बोलायचे नाही त्यांनी उगाच जागा अडवू नये.’ नाव नव्हतं, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. रणजितने हसरे चेहरे टाकले. ताईंनाही आपल्या पाटीचं कौतुक वाटलं. थोड्या वेळाने रझिया ग्रुप सोडून गेली.

गेली तर गेली, म्हणत ताई घुश्शात राहिल्या. पण पोरगी नापास होणार, हे काही त्यांना पचेना. शेवटी खडसावून परत आणायच्या इराद्याने त्या कसब्यात गेल्या.

रझियाचे वडील कासिमभाई पत्र्याच्या पेट्या ठोकत होते. खाली दुकान, वर घर, मध्ये नुसत्या फळ्या. कानठळ्या बसत होत्या. त्यांनी हातोडा ठेवला, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. रझिया खाली आल्याबरोबर ताईंनी तोफ डागली, एवढा कसला अबोला?

रझिया पायाकडे बघत म्हणाली, "ताई, पहिल्याच दिवशी हे ठोके ऐकून तुम्ही म्हणालात, हा कारखाना तरी बंद कर, नाहीतर माईक तरी. अब्बांचं काम कसं बंद करणार?"

ताईंना आपलं ते वाक्य आठवेचना. सगळे हसले होते, एवढंच आठवलं.

"पोरीने मला सांगितलंच नाही हो," कासिमभाई म्हणाले. "मी थांबलो असतो की तासभर."

साहेबांकडून लेखी माफी घेणारी बाई, पण तिला स्वतःला ती मागता येईना. चहा तसाच निवला.

घरी येऊन त्यांनी रझियाला ग्रुपमध्ये परत घेतलं आणि लिहिलं, रझियाला गप्प मीच केलं आणि वर टोमणाही मीच मारला, माफी मागते. या वेळी कुणी हसरा चेहरा टाकला नाही.

पुढच्या भेटीला रझिया आली. खाली ठोके चालूच होते. काम थांबवू नका, असा निरोप ताईंनीच दिला होता. ती ओरडून ओरडून बोलली. अर्धं ऐकू आलं, अर्धं तनुजाने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. ताईंनी मात्र स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला होता. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

तुमच्याही ग्रुपमध्ये कुणीतरी गप्प असेल. चारचौघांत त्याच्यावर काही लिहू नका. आधी फोन करा आणि सरळ विचारा, माझंच काही बोलणं लागलंय का तुला?