मोकाट घोड्यांचं भाषण

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या रविवारी तो यायला हवा होता तेव्हा आला नाही, आणि त्याचाच मला अजून संताप होतो.

झालं असं. इथे परदेशात, न्यू लिन नावाच्या उपनगरातल्या एका हॉलमध्ये मराठी मुलांची भाषणस्पर्धा होती. आमची लेक अकरा वर्षांची, जन्म इकडचाच, हॅमिल्टनचा. मराठी सगळं समजतं, पण आम्हाला उत्तर इंग्लिशमध्ये. मराठी बोलते ती फक्त व्हिडिओ कॉलवर, साताऱ्याच्या आजीशी. ती आपणहून म्हणाली, मी भाषण करणार, विषय कायमानावाचे घोडे. आमच्या या बेटाच्या मधल्या पठारावर, डेझर्ट रोड नावाच्या हमरस्त्याच्या बाजूला ते कळपानं राहतात. कधीकाळी कुणाचे सुटलेले, कुणी सोडून दिलेले घोडे. पुढच्या पिढ्या तिथेच वाढल्या. अधूनमधून त्यांतले काही गोळा करतात आणि त्यांच्यासाठी घरं शोधतात. घर मिळत नाही त्यांचं काय होतं, हे तिला ठाऊक होतं. त्यावर ती बोलायची नाही.

"बाबा, वाइल्ड हॉर्सेसना मराठीत काय म्हणतात?"

म्हटलं, रानटी घोडे. रानटी म्हणजे? म्हटलं, ज्याला रीतभात नाही असा. "नो, दे आर नॉट!" बरं, मग जंगली? पण तिथे जंगल कुठंय, नुसतं गवत. पोरीचं खरं होतं. मग माझ्या तोंडून निघालं, मोकाट.

तो शब्द सांगताना मला आमच्या गावचा कोंडवाडा आठवला. मोकाट गुरं दिसली की नगरपालिकेची माणसं हाकत नेऊन त्यात घालायची. मग मालकानं यायचं, सगळ्यांसमोर "हे माझं" म्हणायचं आणि जनावर सोडवून न्यायचं. लेक ताठ उठून बसली. तिनं शोधून काढलं की अमेरिकेतल्या अशाच घोड्यांसाठीचा मस्टँग हा शब्द ज्या स्पॅनिश शब्दावरून आला, त्याचा अर्थही भरकटलेलं, बेवारशी जनावर. ऑस्ट्रेलियातल्या ब्रंबी शब्दाचं मूळ मात्र कुणालाच नक्की सांगता येत नाही. "बाबा, स्पेनमध्ये पण कोंडवाडा होता का?" हे तिनं मला मराठीत विचारलं. पुढचे तीन आठवडे ती घरात मराठीत बोलत होती. बायको आणि मी एकमेकांकडे बघायचो आणि गप्प बसायचो, उगाच दृष्ट लागायला नको.

स्टेजवर ती छान बोलत होती. दोन मिनिटं झाली असतील, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका परीक्षकांनी हात वर केला. जवळच्याच बॉटनी डाउन्स भागात मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, पुण्याचे निवृत्त प्राध्यापक.

"थांब बाळ. मोकाट कुत्री असतात, गुरं असतात. घोडा केवढा उमदा प्राणी! वन्य अश्व म्हणावं. म्हण बघू."

हॉल हसला. प्रेमानं हसला, ते तर आणखी वाईट. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय करावं? मी उठलो, हात जोडले आणि म्हणालो, "चुकलं काका. घरी नीट करून घ्यायला हवं होतं."

अरे, काय चुकलं होतं? कुणाचं चुकलं होतं? पांढऱ्या केसांचं माणूस मराठीबद्दल बोललं की आमचे हात आपोआप जुळतात. वर्षभर गळे काढायचे, मुलं मराठी बोलत नाहीत हो; आणि एक पोर बोलायला उभी राहिली की तिला भर सभेत शुद्ध करायला धावायचं. वन्य अश्व म्हणे! आयुष्यात कुणाच्या घरात हा शब्द ऐकलाय मी?

ती "थँक यू" म्हणाली आणि खाली उतरली. भाषण अर्धं राहिलं. घरी परतताना गाडी बॉम्बे हिल्स नावाच्या टेकड्यांपाशी आली. तेव्हा ती म्हणाली, "यू टोल्ड मी दॅट वर्ड. अँड देन यू सेड सॉरी टु हिम."

त्यानंतर आठ दिवस मराठी बंद. आईकडे पाणी मागायचं तरी इंग्लिशमध्ये. आजीचा कॉल आला तर "हाय", "बाय" आणि खोलीत पसार. माझ्या आईला इंग्लिशचं अक्षर कळत नाही. ती मला विचारत होती, पोरगी माझ्यावर रुसलीय का रे? काय सांगणार, कप्पाळ?

असे आठ दिवस गेल्यावर, सोमवारी कपडे धुवायला टाकताना लेकीच्या जॅकेटमध्ये भाषणाचं शेवटचं कार्ड सापडलं. मराठी, पण इंग्लिश अक्षरांत. त्यावर लिहिलं होतं, "मोकाट घोडे वाईट नसतात. कुणीतरी येऊन हे माझं म्हणायला पाहिजे."

मी तिथेच, घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत उभ्या उभ्या आयोजकांकडून नंबर घेतला आणि प्राध्यापकांना फोन लावला.

"तो शब्द माझा होता," मी म्हणालो. "मी शिकवला. बरोबर शिकवला. आणि पोरही माझी आहे."

"अहो, पण मुलांना सुधारायला नको का?"

"नको! आधी बोलू द्या! तुम्ही जाल परत पुण्याला, इथे घरात गप्प बसलीय ती माझी लेक! तिच्या आजीला काय उत्तर देऊ मी?"

आवाज चांगलाच चढला होता. माझ्या तोंडाचा पट्टा चालूच. मागून कुणीतरी शर्ट ओढला. लेक दारात उभी होती, केव्हापासून कोण जाणे.

"बाबा, पुरे ना," ती म्हणाली. "ते आजोबा रडतील."