भूक मारायची गोळी

मला भाताच्या काट्यावर बसवलं. एका पारड्यात मी, दुसऱ्यात लोखंडी वजनं. भर दुपारी, शेठच्या वखारीत, हमालांच्या देखत. लुगडं गुडघ्यावर सरकलं. मी ओढत राहिले.

शेठाणी खुर्चीतून बोलली, "हलू नकोस गं. पोत्यासारखी गप बस."

हमाल हसले. आमच्याच डोंगरातले होते ते. तरी हसले.

गोऱ्या सायबाची मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आमचा पाडा डोळखांबच्या वर. नाचणी सरली की आमी कामाला खाली उतरायचो. मी आणि आई मुरबाडच्या या शेठकडे राहिलो. आई वखारीत भात कांडायची, मी घरकाम करायची. माझा नवरा तापानं गेलेला. बाप त्याच्याही आधी गेलेला.

शेठाणी अंगानं जड. जिना चढली की धापा टाकायची. मुंबईची तिची बहीण कसल्यातरी गोळ्या खाऊन बारीक झाली होती, म्हणून हिलाही त्याच पाहिजे होत्या. कल्याणहून एक डॉक्टर त्या घेऊन आला. पण बहिणीची छाती धडधडायची, असं शेठनं ऐकलेलं.

"आधी कोणाला तरी देऊन बघा," शेठ डॉक्टरला म्हणाले.

मी तिथंच चहाच्या कपबशा उचलत होते. हे माझ्याबद्दल चाललंय, ते डोक्यात आलं नाय.

दुसऱ्या दिवशी शेठाणीनं माझ्या हातावर पांढरी गोळी ठेवली. "ताकदीची आहे. घे."

त्या घरात माझ्या हातावर कोणी काय ठेवत नसे. वरून टाकायचे. म्हणून मला बरं वाटलं. आज ते आठवलं की अंग जळतं.

गोळी घेतली की भूक मरायची. भाकर समोर असली तरी घशाखाली उतरायची नाय. झोप उडाली. हात थरथरायचे, तोंड कोरडं पडायचं, छाती आतून कोणी कांडल्यासारखी वाजायची. तरी काम मात्र सपाट्यानं व्हायचं. मधून मधून वखारीत नेऊन काट्यावर बसवायचे. माझ्या अंगावर उतरायला होतं तरी काय? हाडं आणि कातडी. शेठाणी काटा बघून खूश व्हायची. "उतरतंय हो!"

मग शेठच्या ध्यानात आलं. ही खात नाय, तरी थकत नाय.

डॉक्टर पुन्हा आला तेव्हा मला काट्यावरून उतरवत होते. शेठनं त्याला तिथंच वखारीत विचारलं, "कांडणाऱ्या बायांना दिली तर?"

डॉक्टर हसला. "लढाईवर गोऱ्या सोजिरांना हीच देतात. भूक नाही, झोप नाही."

तेव्हा मला कळलं. शेठाणीला बारीक व्हायचं होतं, शेठला आमची भाकर वाचवायची होती, आणि दोन्हीसाठी माझं अंग वापरलं होतं.

शेठाणीनं आईपुढे गोळी धरली. आईनं मुसळ बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि गोळी घेतली. तोंडाशी नेली. मी तिच्या हातावर फटका मारला. गोळी कोंड्यात पडली.

"काय करतेस गो?" आई घाबरली.

मी डॉक्टरला विचारलं, "ही कशाची गोळी?"

"बारीक व्हायची."

"माझी आई अजून बारीक व्हायची राहिलीय काय? बघा तिच्याकडं."

तो बघेना.

"असं कोणालाही द्यायला कायदा लागत नाय?"

"औषध आहे ते. औषधाला कसला कायदा?"

"माझ्या बापानं मोहाची दारू गाळली तेव्हा शिपायांनी मडकी फोडली. दोरी बांधून नेला त्याला. तेव्हा बरा कायदा होता."

शेठाणी ओरडली, "फार बोलायला लागलीस! खायला कोण घालतं तुम्हाला?"

"खायला घालायला नको, म्हणून तर गोळी देता."

मी आईचं मनगट धरलं नि बाहेर पडले. सारा रस्ता आई रडत होती. आता पोटाचं काय, एवढंच म्हणत होती. डोळखांबचा चढ चढताना मी तीनदा खाली बसले. छातीची धडधड थांबेना.

शेठाणीनं पुढे गोळ्या घेतल्या की नाय, मला माहीत नाय. मी कधी विचारलं नाय.

पुढच्या साली शेठचा मुकादम बाया न्यायला पाड्यावर आला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "काम करू. दोन वेळा पोटभर जेवण पाहिजे. औषध म्हणून काय पुढे केलं, तर सगळ्या एकदम उठू."

मुकादम तसाच परत गेला. त्या साली आमी रानातले कंद उकडून खाल्ले. पोरं रडली. बाया मला घालून पाडून बोलल्या. पण एकही खाली उतरली नाय.

मी आता थकले. थोडं चाललं की बसावं लागतं. तरी पाड्यातली पोरगी कामाला निघाली की मी तिला उंबऱ्यात अडवते आणि सांगते: भूक लागली तर लाजू नको, मोठ्यानं माग. दिलं नाय तर काम तिथंच टाक आणि चालती हो. मी आहे तोवर सांगणार. माझ्यामागं तू सांग.