मावशीची पिळणी

मावशी त्या जुन्या वस्तूंच्या घरात एकोणीस वर्षं फरशी पुसत होती. घर कसलं, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत काचेची कपाटं, दुसरीत लांबलचक टेबल आणि चार खुर्च्या. फरशी काळी आणि गुळगुळीत, पुसली की तीत स्वतःचं तोंड दिसायचं. मावशी मात्र कधी त्यात डोकावली नाही. म्हणायची, "घाबरायला घरचा आरसा पुरे आहे."

ती या कामावर लागली त्याच वर्षी तिचं उजवं मनगट मोडलं. पाण्याची कळशी वाचवायला गेली आणि हात मोडून बसली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. कप उचलता यायचा, झाडू धरता यायचा, कुणाच्या पाठीत धपाटाही घालता यायचा. फक्त ओलं फडकं पिळायचं म्हटलं की मनगट अंग काढून घ्यायचं. आता फरशी पुसणाऱ्या बाईला फडकं पिळता येत नसेल तर तिला ठेवणार कोण?

नवरा छत्र्या दुरुस्त करायचा. तो फार बोलणाऱ्यातला नव्हता. चार दिवस घरामागे ठोकाठोकी केली आणि पाचव्या दिवशी त्यानं एक अजब प्रकार तिच्यापुढे आणून ठेवला. मोडक्या पलंगाचे दोन कोरीव पाय उभे केलेले, त्यांच्यामध्ये दोन लाटणी एकावर एक, वर सोफ्यातल्या स्प्रिंगा आणि बाजूला सायकलच्या पायंडलाचा दांडा. फडकं एकीकडून सारायचं, दांडा फिरवायचा. पाणी खाली बादलीत आणि फडकं पलीकडून कागदासारखं चपटं.

"हे काय?"

"पिळणी."

"दिसायला तुमच्या आईसारखी आहे."

"म्हणूनच टिकेल," नवरा म्हणाला.

आणि टिकली. सहा वर्षांपूर्वी तो गेला, पिळणी राहिली. दर महिन्याच्या एक तारखेला मावशी तिला तेल घालायची आणि घालता घालता घरातल्या चार गोष्टी सांगायची. पिळणी काही उत्तर देत नसे. पण उत्तर तर तोही देत नसे.

तर त्या वरच्या खोलीत दर गुरुवारी चार वाजता अंदाज मंडळ बसायचं. लोक आपापल्या माळ्यावरच्या, कशाला लागतात ते न कळणाऱ्या वस्तू आणून द्यायचे आणि मंडळ ती कशाची असावी याचा अंदाज बांधायचं. मग हात वर करून मतं, आणि जे ठरेल ते पुठ्ठ्यावर लिहून वस्तू कपाटात. सभासद तीन. कुलपं दुरुस्त करणारे अण्णा हे अध्यक्ष. जन्मभर दवाखान्यात पुड्या बांधलेले कंपाउंडर. आणि शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. चौथी खुर्ची रिकामी असायची. तिचे मालक देवाघरी जाऊन आठ वर्षं झाली होती, पण त्यांनी राजीनामा दिला नव्हता म्हणून वहीत त्यांच्या नावापुढे दर गुरुवारी 'रजेवर' असं लिहीत.

मंडळाचा एक नियम फार कडक होता. वस्तू कशाची आहे हे ज्याला माहीत आहे त्याला मत नाही. एकदा एक म्हातारा चांभार आला होता. खाच पाडलेल्या एका फळीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही आमच्या आजोबांची. बूट काढायची." अण्णांनी त्याला हाताला धरून बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. आत एकमतानं ठरलं की ती फळी भांडखोर नवरा-बायकोनं एकमेकांच्या मानेला लावून दम देण्याची आहे. चांभारानं पुठ्ठा वाचला, मान हलवली आणि म्हणाला, "आजोबांनी तेही केलं असेल."

मावशी या सगळ्याकडे कौतुकानंच बघायची. तीन म्हातारी माणसं घरी कटकट करण्यापेक्षा इथे करतात, बरंच आहे, असं तिचं मत. पण एका गुरुवारी ती पिळणी खिडकीत उन्हाला ठेवून खाली पाणी भरायला गेली. त्याच दिवशी एका बंद पडलेल्या कारखान्यातून पेटीभर जुनं सामान आलं होतं. मास्तरांचा चष्मा कपाळावर होता. त्यांनी टेबलावरच्या सामानावर नंबर घालता घालता खिडकीतल्या वस्तूवरही घातला. मावशी बादली घेऊन वर आली तर पिळणीच्या पायावर पांढऱ्या रंगात २१२ लिहिलेलं आणि तिघं तिच्यावर वाकलेले.

"अहो, ती माझी आहे!"

अण्णांनी डोळे मिटले. "मावशी, मत सांगायचं नाही."

"मत कसलं? माझ्या नवऱ्यानं केलीय ती."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे ती कशाची?"

"माहीत म्हणजे? रोज वापरते!"

"मग तर तुम्ही बाहेरच थांबा," कंपाउंडर म्हणाले. "माहीत असलेली माणसं आत बसायला लागली तर आम्ही काय करायचं?"

बाहेरच्या बाकावर बसून मावशीनं सगळं ऐकलं. मास्तरांनी कोरीव पायांवरून बोट फिरवलं आणि सांगितलं की अशी नक्षी साध्या घरात असत नाही, दरबारी टोपीतली पिसं सरळ करायचं हे यंत्र असणार. कंपाउंडर म्हणाले, पिसं कसली, लढाईला निघण्याआधी सेनापतीच्या मिशा यातून काढत. अण्णांना जगात कुलपाखेरीज काही दिसतच नसे. ते म्हणाले, हे दोरखंडाचं कुलूप आहे, फक्त किल्ली हरवली आहे. तिघांची तीन मतं. नियमाप्रमाणे विषय पुढच्या गुरुवारवर गेला आणि पिळणी काचेच्या कपाटात, कुलूप लावून. आणि अण्णांनी लावलेलं कुलूप अण्णांखेरीज कुणाला उघडत नसे.

त्या आठवड्यात मावशीच्या नाकी नऊ आले. फडकं पायाखाली तुडवून बघितलं, दाराच्या फटीत धरून ओढून बघितलं. शेवटी तसंच निथळतं फिरवलं. फरशीवर तळं. वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांच्या डोक्यावर थेंब पडायला लागले. सोमवारी अण्णा बूट उचलत आले.

"मावशी, फरशी ओली आहे."

"पिळणी द्या, कोरडी करते."

"दोनशे बारा नंबरचा निर्णय व्हायचाय. गुरुवारपर्यंत फरशी कोरडी दिसली नाही तर वाचनालयाला कळवावं लागेल. दुसरी बाई बघतील ते. माझा नाइलाज आहे."

घरी लेकीनं ऐकलं आणि भडकली. "आई, तू कशाला त्या म्हाताऱ्यांच्या तोंडाला लागतेस? बाजारात प्लॅस्टिकच्या बादल्या मिळतात पिळायच्या. उद्या आणते."

"आण," मावशी म्हणाली. "एक तारखेला तिच्याशी तू बोलायचंस मात्र."

लेकीनं बादली आणली नाही.

गुरुवार उजाडला. मावशीनं सकाळपासून फरशीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली, पुन्हा गोळा केली, पुन्हा पसरली. चार वाजता अण्णा आणि मास्तर भिंत धरून आत गेले. कंपाउंडर मात्र मिशांच्या बाजूनं नवीन मुद्दा सुचल्यामुळे घाईत होते. "अण्णा, एक गोष्ट लक्षात…" एवढं म्हणाले आणि एक पाय दाराकडे, दुसरा खिडकीकडे असे बसले.

मावशीनं हातातली वर्तमानपत्रं टाकली. धावत जाऊन तिनं त्यांना उठवलं. मोडलं काही नव्हतं, पण घोटा बघता बघता वांग्यासारखा फुगला. वाचनालयातले दोघे येऊन त्यांना खुर्चीसकट खाली नेऊ लागले.

"माझं मत मिशांना!" कंपाउंडर जिन्यातून ओरडले.

"गैरहजर माणसाचं मत धरत नाहीत," अण्णांनी वरून सांगितलं.

"मी हजर आहे! जिन्यात आहे!"

"जिना सभेत येत नाही."

मग वरचे दोघे टेबलाशी बसले. मावशी दाराबाहेर फडकं घेऊन उभी. मास्तरांचा हात पिसांना, अण्णांचा कुलपाला. एकास एक. चौथे सभासद रजेवर. अण्णांनी नियमांची वही काढली आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटली.

"बरोबरी झाल्यास, वस्तूबद्दल काहीही माहीत नसलेला जो माणूस हजर असेल त्याचं मत धरावं." त्यांनी चष्म्यावरून बाहेर बघितलं. मावशीखेरीज कुणी नव्हतं. "मावशी, आत या."

मावशी आत आली. मास्तर खुर्ची सरकवून तिच्या कानाशी आले. "मावशी, एवढंच म्हणा, मला माहीत नाही. आणि पिसांना हात द्या. माझ्याकडून दर गुरुवारी तुम्हाला बिस्किटं."

"मास्तर, हे चालणार नाही," अण्णा कडाडले. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "कुलूप म्हटलंत तर फरशीचं मी विसरून जाईन."

मावशीनं काचेतून पिळणीकडे बघितलं. मग दोघांकडे बघितलं.

"आणि मी हात दिलाच नाही तर?"

अण्णांना हे कुणी विचारलं नव्हतं. ते पुन्हा वहीत शिरले. बराच वेळ लागला. "निर्णय न झालेली वस्तू कपाटात ठेवू नये. जिन्याखाली ठेवावी."

"कुठल्या जिन्याखाली?"

"एकच तर जिना आहे, मावशी."

जिन्याखाली मावशीची बादली होती, दोन झाडू होते आणि पिशवी अडकवायचा खिळा होता. तिथे तिच्याशिवाय दुसरं कुणी जात नसे, कारण वाकावं लागे. मावशीनं पदर खोचला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पक्कं माहीत आहे ती कशाची. सांगू?"

"नको!" दोघं एकदम ओरडले. मास्तरांनी तर कानावर हात ठेवले.

"नाही, सांगते की. पहिलं म्हणजे हे वरचं लाटणं…"

"मावशी, पाया पडतो!" अण्णा उठून उभे राहिले. "एवढी वर्षं मंडळ चाललंय ते मोडू नका. जिन्याखाली तर जिन्याखाली!"

त्यांनी स्वतः कुलूप उघडलं. मास्तरांनी सुंदर अक्षरात पुठ्ठा लिहिला, 'क्र. २१२. उपयोग कोणालाही माहीत नाही', आणि दोरीनं पिळणीच्या पायाला बांधला. सुतकी चेहऱ्यानं दोघांनी ती उचलून मावशीच्या हातात दिली. मावशी ती कडेवर घेऊन खाली गेली, वाकून जिन्याखाली शिरली आणि फडकं लाटण्यांमध्ये सारलं. दांडा कुरकुरला. तेल घालायला झालं होतं. मग पाणी बादलीत धो धो पडलं.

साडेपाचला अण्णा जायला निघाले. सवयीनं भिंत धरली, मग सोडली. बुटाचं टोक फरशीवर घासून बघितलं, टाच घासून बघितली.

"मावशी, आज एवढी कोरडी कशी काय झाली?"

मावशी दारात उभी राहून फडकं झटकत होती.

"करा की अंदाज," ती म्हणाली.

अण्णांनी लगेच मास्तरांना हाक मारली.